मामीचं इंग्रजी मस्टर

बीड जिल्ह्यात आजवर जेवढं इंग्रजी बोललं गेलं, त्यातल्या निम्म्याहून जास्त थापा होत्या, आणि हे लेखी पुराव्यानिशी दाखवून देणारं माणूस या भूतलावर एकच आहे, ते म्हणजे माझी मामी. हसू नका. मामी सातवी पास आहे, नेकनूरच्या पुढं आडवाटेच्या एका खेड्यात राहते, आणि वयाच्या छप्पन्नाव्या वर्षापर्यंत तिचा इंग्रजीशी संबंध आला तो औषधाच्या बाटलीपुरता. मी मात्र इंग्रजीचा एम.ए. वीस वर्षं बीडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो. मराठीतून शिकवतो, उगीच खोटं कशाला बोलू! माझं इंग्रजी म्हणजे ठेवणीतलं लुगडं, घडी मोडायचीच भीती वाटते. एखाद्या परिसंवादात प्रश्न विचारायचा तर मी आधी मनात वाक्य जुळवतो, मग काळ बरोबर आहे का ते तपासतो, मग कर्त्याचं क्रियापदाशी जमतंय का ते बघतो, आणि तोवर आभारप्रदर्शन सुरू झालेलं असतं. अशा माणसाकडं मामी शिकायला आली, यात तिचा दोष नाही. सबंध नात्यात इंग्रजीवाला मी एकटाच होतो आणि लहानपणी चार वर्षं तिच्या हातच्या भाकरी खाऊन शाळा शिकलो होतो, त्यामुळं नाही म्हणायची सोय नव्हती.

झालं असं, की गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव सुटलं. मामांनी गावातल्या आपल्या वजनावर मामीला उभं केलं आणि ती निवडून आली. कागदावर मामी, खुर्चीत मामा, हे गावानं न बोलता ठरवूनच टाकलं होतं. निकालाच्या दिवशी गुलाल मामांना लागला, हार मामांच्या गळ्यात पडले, आणि मामी आत पन्नास माणसांचा चहा गाळत होती. दुसऱ्या दिवसापासून गाव मामांना 'सरपंच' म्हणू लागलं आणि मामीला आधीसारखंच 'वहिनी'. मामीची त्याला हरकत नव्हती. तिला त्या पदातून एकच गोष्ट हवी होती. गावात आरोग्य उपकेंद्राची दोन खोल्यांची इमारत होती, पण नर्स बदलून गेल्याला दोन वर्षं झाली होती आणि दाराला कुलूप होतं. मामीची धाकटी जाऊ फार वर्षांपूर्वी बाळंतपणाला नेताना वाटेतच गेली होती. ते मामी कधी बोलून दाखवत नसे, पण त्या कुलपाकडं बघून तिचा जीव तुटायचा हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तर बीडला अधिकाऱ्यांपुढच्या पहिल्याच बैठकीत तिनं धीर करून विचारलं, "सायेब, आमच्या नर्सबाईचं काय झालं?" साहेबांनी मान वर केली, मामीच्या डोक्यावरून मागं बसलेल्या मामांकडं बघितलं आणि म्हणाले, "वुई विल लुक इन्टू इट." मामांनी मान डोलावली. जीपमध्ये बसल्यावर मामीनं विचारलं, "काय म्हणले हो ते?" मामा म्हणाले, "बघतो म्हणले." "कदी?" "ते न्हाई म्हणले." "मग तुमी मान कावून हालवली?" मामा खिडकीबाहेर बघू लागले. मांजरसुंब्याच्या धाब्यावर दोघं चहाला थांबले, आणि चहाचा कप हातात घेऊन मामीनं तिथूनच मला फोन लावला. "तुला इंग्रजी येतंय ना? उद्यापासून मला शिकीव."

मी रविवारी व्याकरणाचं पुस्तक, बारा काळांचा तक्ता आणि चाररेघी वही घेऊन गेलो. मामीनं तक्ता वरपासून खालपर्यंत बघितला आणि शेजारच्या पोरीला भिंतीला लावायला देऊन टाकला. म्हणाली, "बाबा, भाजी शिकायला आधी कांद्याचं कूळ कशाला पायजे? मला अख्खी वाक्यं दे. सायेब लोक बोलतेत तसली. आन ती कुठं बोलायची ते सांग." मी म्हणालो, मामी, भाषा अशी मधूनच येत नसते, पाया लागतो. ती म्हणाली, "तुझा पाया वीस वर्षं चाललाय. भिंत कदी बांधतूस?" मी मुकाट्यानं पाच वाक्यं लिहून दिली.

पण पुढं मामीला माझे अर्थ पटेनात. लुक इन्टू इट म्हणजे लक्ष घालू, असं मी सांगितलं, तर ती म्हणाली, "साफ खोटं. दोन महिने झाले, घातलं का लक्ष? मग त्याचा अर्थ तो न्हाईच." आणि तिनं स्वतःचा कोश करायला घेतला. ग्रामपंचायतीत हजेरीचं एक जुनं मस्टर पडलं होतं, आडव्या रेघांचं, जाडजूड पुठ्ठ्याचं. त्यात तिनं चार रकाने पाडले. पहिल्यात वाक्य, मराठी अक्षरात. दुसऱ्यात कोण बोललं. तिसऱ्यात, बोलताना कुठं बघत होतं. आणि चौथ्यात, पुढं काय झालं. अर्थाचा रकाना नाहीच. मी विचारलं तर म्हणाली, "चौथा रकाना कशाला हाय मग?" मी एम.ए.ला दोन वर्षं भाषाशास्त्र घोकलं, पण देवाशप्पथ, अर्थाबद्दल इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या मस्टरमधल्या काही नोंदी मला अजून तोंडपाठ आहेत. 'वुई विल लुक इन्टू इट. सायेब. ह्यांच्याकडं. काय न्हाई झालं.' 'डोन्ट वरी. मोठ्या मोटारीतले पुढारी. सोताच्या घड्याळाकडं. हापसा आजून बंद.' 'ॲज सून ॲज पॉसिबल. सायेब. फाइलीकडं. पावसाळ्यानंतर म्हणले, कंचा ते न्हाई म्हणले.' 'विथ ड्यू रिस्पेक्ट. बाजूच्या गावचे सरपंच. माझ्याकडं. मागून शिवीच आली, हे कुणी म्हणलं की सावध राव्हं.' आणि एके दिवशी पानं उलटताना मला माझंच नाव दिसलं. 'ऑनेस्टली स्पीकिंग, मला वेळ नाही. भाचा. मोबाइलकडं. सुट्टी हुती, झोपलता.' मी रागावलो, म्हटलं, मामी, घरच्या माणसाचं तरी लिहू नये. ती म्हणाली, "खोटंय का?" खोटं नव्हतं.

शिकलेलं वाक्य वापरायची तिची रीत याहून वरताण. रोज एक वाक्य, आणि दिवेलागणीच्या आत ते तीन जिवांवर वापरायचं. उगीच नाही, जिथं लागू पडेल तिथंच. वापरलं नाही तर ते वाक्य आपलं होत नाही, असं तिचं ठाम मत. त्यात पहिला बळी अर्थातच मामांचा. मामा ओट्यावरून म्हणाले, "अगं, चहा टाकतीस का?" आतून आवाज आला, "वुई विल लुक इन्टू इट." पाऊण तास गेला तरी चहा आला नाही. मामा आत डोकावले तर मामी निवांत शेंगा सोलत बसलेली. "सरकार कसं चालतंय ते आज कळलं," एवढं बोलून मामांनी स्वतः आधण ठेवलं. तीन जीव म्हणजे तीन माणसंच असा काही नियम नव्हता. गोठ्याच्या दारात म्हशीपुढं बाजूला सरकून, हात पुढं करून ती "आफ्टर यू" म्हणायची, आणि म्हैस खरोखरच आधी आत जायची. "माणसापरीस हिला रीत कळती," असं मामीचं म्हणणं. कर्ज घ्या, कर्ज घ्या म्हणून फोन करणाऱ्या एका मुलीला तिनं इतक्या वेळा "आय बेग युवर पार्डन" म्हटलं, की शेवटी त्या मुलीनंच माफी मागून फोन ठेवला.

नेकनूरच्या बाजारात सीताफळं विकणारे एक चाचा होते. पांढरी दाढी, डोळ्यांत सुरमा, आणि भावात एका पैशाची सूट नाही. मामीनं टोपलीपुढं बसून सीताफळं दाबून बघितली, भाव पाडून मागितला, चाचांनी मान हलवली. मामीनं पदर सावरला आणि विचारलं, "इज धिस युवर फायनल ऑफर?" चाचांनी हातातलं सीताफळ खाली ठेवलं. मग तिच्याकडं रोखून बघत म्हणाले, "टेक इट ऑर लीव्ह इट, भाभी!" चाचांनी तरुणपणी बारा वर्षं ट्रक चालवला होता हे कुणाला माहीत! मामी इतकी खूष झाली, की तिनं घासाघीस सोडून त्यांच्या भावात दोन पाट्या घेतल्या आणि घरी येऊन आधी मस्टर उघडलं. 'टेक इट ऑर लीव्ह इट. चाचा. माझ्या तोंडाकडं. सीताफळं ग्वाड निघाली.' कितीतरी पानांत, बघून बोललेलं आणि खरं निघालेलं असं ते पहिलंच वाक्य होतं. त्यानंतर दर बाजारी ती चाचांकडून एक वाक्य घ्यायची, आणि मी सांगितलेल्या वाक्यापेक्षा त्याला तिच्या लेखी वजन जास्त असायचं. मला वाईट वाटायचं, का वाटू नये?

गाव हसायचं, हे सांगायलाच नको. पारावरची माणसं तिला येताना बघून "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणायची, तेही भर दुपारी. उपसरपंच तर ग्रामसभेत उघड म्हणाला, "वहिनी आता लंडनला निघाल्यात वाटतं." मामी खाली बसली नाही. म्हणाली, "हासा की. तुमी हासत्याल तवर माझं वाक्य पाठ व्हतंय. तुमचं काय पाठ व्हतंय ते बगा." चुकायची तर ती सर्रास. नको तिथं 'थँक्यू', नको तिथं 'मेन्शन नॉट'. एकदा मी चारचौघांत तिची चूक सुधारायला गेलो, तर माझ्यावरच उखडली. "चुकलं तर चुकलं! त्या सायबाचं मराठी ऐकलंयस का तू? 'मी आली, तुमी गेला.' त्याला कुणी हासतं का? उलट म्हणतेत, बगा, सायेब मराठी बोलायलेत. मग मी इंग्रजी बोलले की तुमच्या पोटात कावून दुखतंय?" आमच्या कॉलेजात चुकायच्या भीतीनं वर्गातलं एकही पोर तोंड उघडत नाही, आणि ती भीती त्यांना मीच घातली आहे, हे त्या दिवशी माझ्या नीट लक्षात आलं.

अशी दोन वर्षं गेली आणि एक दिवस पत्र आलं, की उपकेंद्र बंद अवस्थेत असल्यामुळं ते हमरस्त्यावरच्या मोठ्या गावाला हलवण्याचा प्रस्ताव आहे. म्हणजे बघा, नर्स द्यायची नाही, मग नर्स नाही म्हणून दवाखानाच उचलायचा. मामीनं पत्र तीनदा वाचलं. त्या दिवशी तिनं कुणावर एकही वाक्य वापरलं नाही, आणि मामा घाबरून माझ्याकडं फोनवर कुजबुजले, "तू ये बे लवकर. ही गप बसलीय." बीडला बैठक होती. मामीनं जाहीर केलं, की मामा बाहेर बसतील आणि मी तिच्याबरोबर आत येईन, पण तोंड उघडायचं नाही. मस्टर तिनं पिशवीत घातलं होतं.

मोठे साहेब नवीन आलेले, परप्रांतातले, मराठी थोडंफार समजायचं, पण कच्चं. आमच्या गावाचं नाव पुकारलं तसं त्यांनी विचारलं, "व्हेअर इज द सरपंच?" सवयीनं चारपाच बोटं दाराकडं वळली, आणि दारात खरोखरच मामा उभे होते. त्यांना राहवलं नव्हतं. मामी उठली. "आय ॲम द सरपंच," ती म्हणाली. "ही इज माय हजबंड. ही इज हियर फॉर टी." सभागृहात खसखस पिकली. मामा निमूटपणे बाहेर गेले, आणि मला वाटतं, जाताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमानही होता. मग मामीनं मोडक्यातोडक्या वाक्यांत सांगितलं, की दवाखाना हलवायचा नाही, नर्स द्या. साहेबांनी ऐकून घेतलं, निदान तसा चेहरा केला. मग तिच्या शेजारी शर्टपँटीत मी दिसलो. माझ्याकडं बघत, शांतपणे, ते म्हणाले, "वुई विल लुक इन्टू इट."

मामीनं एक पाऊल पुढं टाकलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "सर. लुक ॲट मी. ॲन्ड से इट अगेन." साहेबांनी तिच्याकडं बघितलं, तोंड उघडलं, आणि ते वाक्य काही त्यांना पुन्हा म्हणता येईना. मामीनं मस्टर टेबलावर ठेवलं, उघडलं आणि वाचायला लागली. कोण बोललं, कुठं बघत होतं, पुढं काय झालं. एकेक नोंद. समोर बसलेली माणसं आपापल्या पायाकडं बघू लागली, कारण त्यातली बरीचशी त्या पानांमध्ये होती. साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "ओके. टेल मी." तेव्हा मामी थांबली. तिच्या ओठांपाशी काहीतरी आलं होतं आणि त्याला लावायला मस्टरमध्ये वाक्य नव्हतं. मला म्हणाली, "तू सांग आता. मी बोलते ते सांग." आणि मराठीत बोलू लागली. "माझी जाऊ हुती, सायेब. एकोणीस वर्साची. बैलगाडीत टाकून नेकनूरला नेत व्हतो. तिचं डोकं माझ्या मांडीवर हुतं. वढ्यापशी आल्यावर म्हणली, अक्का, आजून किती लांब हाय? मी म्हणले, हे काय, आलंच की. खोटं बोलले मी. लई लांब हुतं. ती गेली, लेकरूबी गेलं. आता तुमी दवाखाना हलवला तर मला परत त्येच खोटं बोलावं लागंल." मी ते इंग्रजीत सांगत गेलो. काळ तपासला नाही, कर्ता बघितला नाही. माझ्या आयुष्यातलं पहिलं इंग्रजी ते. आणि एवढा सगळा वेळ साहेब माझ्याकडं नाही, मामीकडंच बघत होते. शेवटी मामीनं एकच शब्द स्वतः विचारला, "व्हेन?" साहेबांनी तिथल्या तिथं कॅलेंडर मागवलं आणि तारीख लिहून दिली.

नर्स त्या तारखेच्या आदल्या दिवशी हजर झाली. उपकेंद्र हललं नाही. गावानं मामीची मिरवणूक वगैरे काढली नाही, पण उपसरपंचाची सून पहिली बाळंतीण म्हणून तिथं आली तेव्हा तो मामीला 'सरपंच' म्हणाला, आणि मग सगळेच म्हणू लागले. ते 'सरपंच' मामीला जेमतेम दोन वर्षं मिळालं. पुढच्या खेपेला पद खुलं झालं, दुसरंच कुणी निवडून आलं, आणि बीडच्या बैठकांची पत्रं दुसऱ्या घरी जाऊ लागली.

परवा गेलो होतो. मामी घरात नव्हती, उपकेंद्राच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. दुखत काही नव्हतं, आत नर्सबाई कुणाचं तरी वजन करत होत्या, आणि मामी नुसतीच उघड्या दाराकडं बघत होती. अलीकडं मी वर्गात बिनधास्त चुकतो, पोरांनाही चुकू देतो, त्यामुळं माझी जीभ जरा सैल झाली आहे. मी शेजारी बसलो आणि मोठ्या ऐटीत विचारलं, "आर यू हॅपी, मामी?" तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "हे इंग्रजीत कावून इचारायलास? हे आपल्यात इचार की." मग मी आपल्यात विचारलं. "मामी, बरं वाटतंय का गं तुला?"

"न्हाई रे," ती म्हणाली. "दवाखाना चालू हाय, समदं झालं. पण आता भांडायलाबी कुणी बोलवीत न्हाई."